हजार रुपयांचा अर्ज आणि त्यामागचा खर्च : गायरानासाठी हरित न्यायाधिकरण, खंडपीठ की तहसील?

गायरान कुणी नांगरलं, तळ्यात गावाची गटार सोडली, पांदणीवर बाभळीच्या काट्या टाकून वाट अडवली, की मराठवाड्यातल्या पर्यावरण संस्थांच्या बैठकीत हल्ली एकच वाक्य आधी येतं : "पुण्याला हरित न्यायाधिकरणात टाकू." दार चांगलं आहे, पण या तीन तक्रारींपैकी फक्त एकीसाठी. बाकीच्या दोन तिथून 'अधिकारकक्षेबाहेर' असा शेरा घेऊन परत येतात, आणि तोवर तहसीलमधली मुदत उलटून गेलेली असते. म्हणून हे परीक्षण तीन सेवांचं आहे : राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पुण्यातलं पश्चिम विभागीय पीठ, उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ आणि तालुक्याचं तहसील कार्यालय. सोबत या दारांत उभ्या राहणाऱ्या संस्थांच्या हिशेबाचंही आहे. जमिनीचा मुद्दा पक्का असूनही अनेक प्रकरणं या हिशेबापाशीच अडतात.

पुण्याच्या पीठाची मोठी जमेची बाजू म्हणजे शुल्क. नुकसानभरपाई मागितली नसेल तर अर्जाला १००० रुपये. मागितली असेल तर मागणीच्या १ टक्का, किमान १०००. रागाच्या भरात कुणी ५० लाखांचा आकडा लिहिला की ५० हजार रुपये खिडकीवरच गेले. पुढे रक्कम मंजूर झाली तरी ती संस्थेच्या हाती येत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० च्या कलम २४ प्रमाणे पर्यावरणाच्या हानीपोटीचा पैसा पर्यावरण मदत निधीत जमा होतो. म्हणून अर्जात 'तळं पूर्ववत करून द्या, सांडपाणी थांबवा' एवढीच मागणी ठेवावी. आकडा लिहायचा तो ज्याच्या विहिरीचं, जनावराचं किंवा पिकाचं खरोखर नुकसान झालं त्या शेतकऱ्याने, आणि तोही पावत्यांसह.

दुसरी जमेची बाजू अशी की अर्ज ऑनलाइन दाखल होतो आणि सुनावणीला दूरदृश्य पद्धतीने हजर राहता येतं. नांदेडहून पुणे साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, किनवटहून त्याहून लांब. दर तारखेला गाडीभाडं मोजून जायची वेळ आता येत नाही, हे लहान संस्थांसाठी फार मोलाचं आहे. मात्र कामकाज इंग्रजीत चालतं. सातबारा, पंचनामा, ग्रामसभेचा ठराव, तलाठ्याचा अहवाल, सगळ्याचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. संस्थेच्या अंदाजपत्रकात हा खर्च बहुतेक वेळा धरलेलाच नसतो. हजाराचा अर्ज महाग होतो तो इथे. दोनशे पानांचे कागद उचलून वकिलाकडे देण्यापेक्षा ज्यावर मुद्दा उभा आहे ती पंधरा-वीस पानंच निवडावीत. भाषांतराचाही खर्च वाचतो आणि पीठाचाही वेळ.

आता दोष. पहिला मुदतीचा. कलम १४ खाली अर्ज करायचा तर वादाचं कारण 'प्रथम' घडल्यापासून ६ महिने. पुरेसं कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस, आणि त्यापुढे एक दिवसही नाही. 'प्रथम' या शब्दावर सगळं अवलंबून आहे. तळ्यात मुरूम टाकायला २ वर्षांपूर्वी सुरुवात झाली आणि काल शेवटचा ट्रक आला, तर घड्याळ पहिल्या ट्रकपासून धरलं जाण्याचा धोका असतो. संस्था मधल्या काळात निवेदनं देत राहतात : तहसीलदारांना एक, जिल्हाधिकाऱ्यांना एक, पालकमंत्र्यांना एक. निवेदनाने मुदत थांबत नाही. यावर उपाय कलम १५ चा. नुकसान भरून काढणं आणि पर्यावरण पूर्ववत करणं या मागणीसाठी ५ वर्षांची मुदत आहे. म्हणून अर्जाच्या शीर्षकातच कलम १४ सोबत कलम १५ लिहावं आणि पूर्ववत करण्याची मागणी स्वतंत्र परिच्छेदात, जागेच्या मोजमापासह मांडावी. पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील असेल तर कलम १६ चे ३० दिवस, फार तर आणखी ६०.

दुसरा दोष कक्षेचा. न्यायाधिकरण पाहतं ते अनुसूचीतल्या ७ कायद्यांखालचे वाद : जल प्रदूषण १९७४, पाणी उपकर १९७७, वनसंवर्धन १९८०, वायू प्रदूषण १९८१, पर्यावरण संरक्षण १९८६, सार्वजनिक दायित्व विमा १९९१ आणि जैवविविधता २००२. जमीन महसूल अधिनियम या यादीत नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा नाही, २००६ चा वनहक्क कायदाही नाही. म्हणून गायरानावर कुणी तुरीचं पीक घेतलं तर तो पुण्याचा विषय नाही. त्याच गायरानातून पर्यावरण मंजुरीशिवाय मुरूम उपसला, तिथे नगरपालिकेचा कचरा आला किंवा गावतळ्यात मैला सोडला, तर तो पुण्याचा विषय. अर्जातल्या प्रत्येक तक्रारीसमोर कायद्याचं नाव आणि कलम लिहून पाहावं. ज्या ओळीसमोर यादीतलं नाव येत नाही ती ओळ काढून तहसीलच्या अर्जात घालावी.

तिसरा दोष समित्यांचा. बहुतेक प्रकरणांत पीठ संयुक्त समिती नेमतं : प्रदूषण नियंत्रण मंडळ, जिल्हाधिकारी कार्यालय, कधी वनविभाग. ज्यांनी आधी दुर्लक्ष केलं त्याच कार्यालयांचा माणूस पाहणीला येतो. 'कांठा विभाग युवा कोळी समाज परिवर्तन ट्रस्ट' विरुद्ध गुजरात या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे की न्यायनिवाड्याचं काम न्यायाधिकरणाने तज्ज्ञ समितीवर सोपवून मोकळं होऊ नये. तरी प्रत्यक्षात समितीचा अहवाल फार वजनदार ठरतो. म्हणून पाहणीच्या दिवशी संस्थेचा माणूस जागेवर पाहिजे, हातात जीपीएस नोंदी असलेली छायाचित्रं आणि गावनकाशा पाहिजे. पाण्याचा नमुना कुठून घेतला हे पंचनाम्यात लिहून घेतलं पाहिजे. नमुना गटारीच्या तोंडापासून लांब, वाऱ्याच्या बाजूने निवळलेल्या पाण्यात घेतला तर अहवाल साफ येतो. त्यावरचा लेखी आक्षेप अहवाल दाखल झाल्यावर लगेच, पुढच्या तारखेच्या आत द्यावा.

पांदणीची गोष्ट वेगळी, आणि तिथे तहसीलइतकी स्वस्त सेवा दुसरी नाही. चालू वहिवाटीची वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५, आणि मुदत अडवल्यापासून ६ महिने. वाट कधी नव्हतीच, बांधावरून नवी मागायची आहे, तर महसूल अधिनियमाचं कलम १४३. या दोन अर्जांची अदलाबदल ही सगळ्यात जास्त होणारी चूक. वहिवाटीची वाट असताना १४३ चा अर्ज केला की समोरचा लगेच म्हणतो, "म्हणजे वाट नव्हती हे तुम्हीच कबूल केलंत." अर्जाला गावनकाशाची प्रत जोडावी. दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेघ म्हणजे पायवाट, सव्वाआठ फूट. नकाशावर रेघ असेल तर निम्मं काम झालं. सीमांकन झालेल्या रस्त्यालगतच्या दोन्ही बाजूंच्या सर्व खातेदारांना पक्षकार करावं. एक जण सुटला तरी वरच्या कार्यालयात आदेश फिरतो.

गायरानासाठीही सुरुवात तहसीलपासूनच. माहिती अधिकारात, १० रुपयांच्या शुल्कात, चार गोष्टी मागाव्यात : गायरानाच्या गटाचा सातबारा, अतिक्रमणाची नोंदवही म्हणजे गाव नमुना १-ई, शेवटच्या मोजणीची 'क' प्रत म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा, आणि १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक. हे शेवटचं मराठवाड्याचं खास. निजाम राजवटीतून आलेल्या जमिनींची अवस्था त्या वेळी काय होती हे त्यावरून कळतं. परमपोक, खारीज खाता, इनाम असे जमिनीचा प्रकार सांगणारे शेरे तिथे सापडतात. आज 'गायरान' म्हणून सांगितली जाणारी एखादी जमीन इनामाची निघाली तर अख्खं प्रकरण दुसऱ्या कायद्यात जातं. हे याचिका दाखल झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. महाराष्ट्रात माहितीचा अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. म्हणून चारही कागद एकाच गटापुरते मागावेत.

मोजणीशिवाय पुढे जाऊ नये. सरकारी जमिनीची मोजणी बाहेरच्या संस्थेच्या अर्जावर होत नाही. ग्रामपंचायतीच्या ठरावाने किंवा तहसीलदारांच्या पत्राने भूमी अभिलेख कार्यालयाकडे जावं लागतं. ठराव मिळत नसेल तर ग्रामसभेत विषय पत्रिकेवर लेखी मागावा आणि पोच घ्यावी. मग महसूल अधिनियमाच्या कलम ५० खाली अतिक्रमण काढण्याचा अर्ज. आदेश विरोधात गेला तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील. ग्रामपंचायत सदस्यच अतिक्रमणदार असेल तर त्याच्या अपात्रतेचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येतो. २०१८ च्या जनाबाई प्रकरणानंतर कुटुंबाच्या अतिक्रमणाचा लाभ घेणारा सदस्यही सुटत नाही. हे हत्यार धारदार आहे, पण गावच्या राजकारणात तेच सगळ्यात जास्त वापरलं जातं. पर्यावरण संस्थेने त्याला हात लावला की ती कुठल्या तरी पॅनलची समजली जाते. तो अर्ज गावातल्या मतदाराने करावा.

औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिका ही तिसरी सेवा, आणि गायरानाच्या धोरणाचा प्रश्न असेल तर तीच योग्य. आधार भक्कम आहे : गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगणारा जगपाल सिंग प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा निकाल, त्यानंतरचा राज्याचा १२ जुलै २०११ चा शासन निर्णय आणि गायरान दुसऱ्या कामाला वळवण्यावर बंधन घालणारं महसूल अधिनियमाचं कलम २२-अ. इथे ६ महिन्यांसारखी ठरलेली मुदत नाही, पण उशिराचं कारण द्यावंच लागतं. तहसील आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे आधी गेलात का, हा पहिला प्रश्न येतो. न्यायालय याचिकाकर्त्याला प्रामाणिकपणाची हमी म्हणून रक्कम जमा करायला सांगू शकतं. संस्थेने ही तरतूद आधीच वेगळी ठेवावी, नाहीतर पहिल्याच तारखेला धावाधाव होते.

खंडपीठाचा आदेश जोरकस असतो. पण तो काय थांबवतो आणि पुढे काय होतं हे मागणी लिहितानाच पाहावं लागतं. छत्रपती संभाजीनगरच्या (तेव्हाचं औरंगाबाद) नारेगाव कचरा डेपोचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. मार्च २०१८ मध्ये तिथे कचरा टाकायला मनाई झाली, नारेगाव-मांडकीच्या लोकांना अनेक वर्षांनी श्वास घेता आला. ते योग्यच होतं. पण पर्यायी जागा तयार नव्हती. शहरात ढीग साचले आणि गाड्या शहरालगतच्या मिटमिटा गावाकडे वळल्यावर तिथे दगडफेक आणि लाठीमार झाला. 'इथे बंद करा' या मागणीखाली 'कुठे, किती दिवसांत, कोणत्या प्रक्रियेने' ही मागणी नसेल तर त्रास एका गावाच्या शिवारातून दुसऱ्या गावाच्या शिवारात जातो.

आता सगळ्यात नाजूक बाब. मराठवाड्यात 'गायरानावरचं अतिक्रमण' हे एकच प्रकारचं नसतं. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून एकनाथ आवाड यांच्या बीडकडच्या जमीन हक्काच्या लढ्यापर्यंत इथल्या दलित आणि भटक्या कुटुंबांनी पडीक गायरान कसून पोट भरलं आहे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी पात्र अतिक्रमणं नियमित करण्याचा मार्ग उघडला, पण आजही कितीतरी जणांच्या हातात सातबारा नाही, फक्त दंडाच्या जुन्या पावत्या आहेत. 'सर्व अतिक्रमणं काढा' अशी सरसकट मागणी केली की बुलडोझर आधी या दोन एकरांवर येतो. दगडी कुंपण घातलेल्या बड्या खातेदाराकडे मात्र स्थगिती आणायला वकील असतो. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरान अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा हजारो घरांना नोटिसा गेल्या आणि हीच भीती गावोगाव पसरली. म्हणून याचिकेपूर्वी नमुना १-ई वरून तीन याद्या कराव्यात : १९९० पूर्वीचे भूमिहीन कसणारे, राहती घरं, आणि व्यापारी किंवा नंतरचा कब्जा. मागणी तिसऱ्या यादीपुरतीच ठेवावी, आणि त्यातल्या प्रत्येकाला नावाने प्रतिवादी करावं. न ऐकता काढलेला आदेश वरच्या कोर्टात टिकत नाही. हे काम ज्या संस्थेला जड वाटतं तिने गायरानाच्या याचिकेत पडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सौर प्रकल्पांचं नवं भांडण याच जागेवर उभं आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये सरकारी जमीन नाममात्र भाड्याने दिली जाते आणि ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असे ३ वर्षं मिळतात. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगराला त्यातलं काय मिळतं, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायचा आहे, पुण्यात नाही. सौर प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेतून सूट आहे, त्यामुळे न्यायाधिकरणातला धागा फार पातळ राहतो.

जायकवाडीने हे दाखवून दिलं. त्या धरणाच्या नाथसागर जलाशयावरच्या तरंगत्या सौर प्रकल्पाविरुद्ध कहार समाजाची पंच समिती न्यायाधिकरणात गेली होती. मासेमारीवर जगणाऱ्यांचा प्रश्न, १९८६ चं पक्षी अभयारण्य, २०१७ ची परिसंवेदनशील क्षेत्राची अधिसूचना, असा सगळा आधार वरवर बळकट दिसत होता. ९ सप्टेंबर २०२४ ला अर्ज फेटाळला गेला. एप्रिल २०२५ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सूर्यकांत आणि न्यायमूर्ती एन. कोटीश्वर सिंह यांच्यापुढे आलं, तेव्हा न्यायालयाने विचारलं की ही संस्था कुणी उभी केली आणि तिला पैसा कोण देतं. अपील टिकलं नाही. प्रश्न विचारला गेला म्हणजे दोष ठरला असं मुळीच नाही. पण हा प्रश्न येणार हे आता धरूनच चालावं, आणि उत्तर वकिलाच्या फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून असावं.

ते उत्तर म्हणजे पाच कागद. एक, धर्मादाय कार्यालयाचा परिशिष्ट १ चा, म्हणजे न्यासाची आणि विश्वस्तांची नोंद दाखवणारा, ताजा उतारा. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो वर्षानुवर्षं प्रलंबित राहतो, आणि मग समोरचा वकील म्हणतो की सही करणारा माणूस विश्वस्तच नाही. अशा वेळी जुना उतारा, बदल अर्जाची पोच आणि नव्या-जुन्या दोघांच्या सह्यांचा ठराव असं तिन्ही जोडावं. दोन, दावा करण्याचा ठराव. त्यात प्रतिवादी कोण, कोणतं न्यायालय, सही कुणाची, खर्चाची मर्यादा किती हे लिहिलेलं हवं. 'कायदेशीर कारवाई करण्याचे ठरले' एवढ्याने भागत नाही. तीन, न्यासपत्रातला उद्देश. फक्त 'वृक्षारोपण व जनजागृती' लिहिलेल्या न्यासाने वकिलाची फी दिली तर तो खर्च उद्देशावरचा कसा, हे लेखापरीक्षक विचारतोच. चार, लेखापरीक्षित हिशेबपत्रकं, वर्ष संपल्यापासून ६ महिन्यांच्या आत दाखल केलेली, आणि त्यात 'न्यायालयीन खर्च' असं वेगळं खातं. हा खर्च 'कार्यालयीन व इतर' मध्ये मिसळला की संशयाला जागा मिळते.

पाच, देणगीदारांची यादी. गावात पेटी फिरवून जमवलेला पैसा ही चांगली गोष्ट आहे, पण प्रत्येकाला पावती हवी. निनावी देणगी एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यात जे जास्त त्यापलीकडे गेली तर वरच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. रोख २००० च्या वर असेल तर देणाऱ्याला आयकरात देणगीची सवलत मिळत नाही. आणि एक कडक नियम स्वतःचा स्वतः करावा : त्याच जमिनीवर डोळा असलेला बिल्डर, निविदा हुकलेला ठेकेदार किंवा शेजारचा खडीक्रशरवाला, यांचा एक रुपयाही घेऊ नये. पैसा कायदेशीर असला तरी त्याने प्रकरण मरतं.

परदेशी देणगी असलेल्या संस्थांना आणखी अडचण. परदेशी योगदान (नियमन) कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, आणि वकिलांची फी त्या २० टक्क्यांतच मोजली जाते. तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवायलाही बंदी आहे. म्हणजे दिल्ली-मुंबईची मोठी संस्था परभणीच्या लहान न्यासाला त्यातून मदत करू शकत नाही. तालुक्याचा लढा तालुक्यातल्या वर्गणीवरच लढावा लागतो.

वर्गणी कमी पडते तिथे विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात ३ लाखांची उत्पन्न मर्यादा आहे. संस्थेला हा लाभ नाही. म्हणून तळ्याचं पाणी भरणारी बाईच मुख्य अर्जदार आणि संस्था सहअर्जदार, अशी मांडणी खर्चालाही सोयीची आणि बाधित कोण हे दाखवायलाही. जिंकल्यावर हिस्सा, अशी बोली कुठल्याही वकिलाशी करू नये. वकिलांच्या नियमांत ती निषिद्ध आहे.

किनवटसारख्या भागात, जिथे जमीन वनविभागाची आहे, तिथे याचिकेआधी वनहक्क कायद्याचा सामूहिक दावा तपासावा. चराईचा हक्क कलम ३ मध्ये आहे, फिरत्या पशुपालकांचासुद्धा. सामूहिक हक्कासाठी नमुना ख, सामूहिक वनसंसाधनासाठी नमुना ग. ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया. दावे पडतात ते बहुधा या हजेरीच्या नोंदवहीवर. आदिवासी नसलेल्या बंजारा किंवा धनगर कुटुंबांना ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो, आणि त्यासाठी गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतात. ते जबाब आधी घ्यावेत, कारण कागद नंतरही मिळतात.

आदेश मिळाल्यावरचा खर्च कुणीच धरत नाही. न्यायाधिकरणाच्या आदेशाची अंमलबजावणी झाली नाही तर कलम २५ खाली पुन्हा अर्ज, पुन्हा वकील. गायरान मोकळं झालं तर त्याच आठवड्यात हद्दीचे दगड, चर आणि सातबारावरची नोंद, या तीन गोष्टी ग्रामपंचायतीकडून करून घ्याव्या लागतात. जेसीबीचं भाडं, दगडांची गाडी आणि मोजणीदाराची दुसरी खेप यांचे पैसे मूळ ठरावातच मंजूर करून ठेवावेत. मृगाच्या आधी चर झाला नाही, तर पहिल्या पेरणीला त्या रानात पुन्हा तिफण चालते.